एक आकडा बदलायचा होता

एक आकडा बदलायचा होता.
दोनचा शून्य.
पिंपळगावचं कोल्ड स्टोरेज, आत थॉमसनचे अठराशे क्रेट,
बाहेर फेब्रुवारीतली रात्र,
आणि फोनवर गांगुर्डे, सिन्नरला, मावसभावाच्या हळदीत.
"काका, सोपंय. फाईल उघडा, आकडा बदला, बाहेर या."

उघडली.
काळाकुट्ट पडदा. डाव्या कडेला वळवळत्या रेघा,
एकीखाली एक, थेट तळापर्यंत,
घोरणाऱ्या माणसाचं चित्र काढावं तशा.

मी टायपिंगची परीक्षा पास आहे.
नाशिकरोड, साल सत्त्याऐंशी,
मराठी तीस, इंग्रजी चाळीस, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय.
शून्य दाबला. काही नाही.
मागचं पुसायचं बटण दाबलं, तर ठिपका नुसता सरकला,
हाड म्हटल्यावर कुत्रं सरकतं तेवढाच.
रागाने डी दाबला. अजून एकदा डी.
अख्खी ओळ गेली.
आकडा गेला, आकड्याचं नाव गेलं,
जागासुद्धा राहिली नाही तिची.

"काका, आय दाबलात का?"
दाबला.
आता मात्र सगळं उमटायला लागलं. सगळंच.
"आता एस्केप, मग कोलन, मग क्यू..."
मध्ये हळदीचा बँजो वाजला, त्यात एस्केप वाहून गेला,
आणि फाईलीत लिहून आलं: कोलन क्यू.
मी लिहिलं: एक्झिट. लिहून आलं: एक्झिट.
मी लिहिलं: बाय. लिहून आलं: बाय.
इतका आज्ञाधारक कारकून आयुष्यात पाहिला नाही.

"काका, तुम्ही लिहिताय की आज्ञा देताय?
यात दोनच अवस्था असतात."
म्हटलं, बाबा रे, मी तिसऱ्या अवस्थेत आहे.
मी विनवतोय.

एस्केप म्हणजे सुटका, एवढं इंग्रजी मला येतं.
मग सतरा वेळा सुटका दाबून
मी इथेच कसा?

पंचवटीत सीतागुंफेत शिरलो होतो एकदा,
पोट आत ओढून, गुडघ्यांवर.
पण तिथे पलीकडे पायऱ्या आहेत,
आणि मागून मालेगावची एखादी मावशी
"चला हो भाऊ" म्हणत ढकलते.
द्वारका सर्कलला सहाला अडकलेला माणूस
साडेसातला तरी सुटतो,
हॉर्न वाजवून मन तरी मोकळं करतो.
इथे हॉर्न वाजवला तर
तोही फाईलीत लिहून येतो.

रात्री पाऊण वाजता तात्या बोरस्ते आला,
वॉचमन, कानटोपी, हातात चहाचा थर्मास.
पडद्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.
मेलेल्या माणसाच्या घरी बोलतात तेवढ्या हळू म्हणाला,
"साहेब, वायर ओढू का?"

ओढ म्हटलं.

काय शांतता, महाराजा.
दोन मिनिटं आम्ही दोघं चहा प्यायलो,
जिंकल्यासारखे.

मग पुन्हा चालू केलं, पुन्हा फाईल उघडली,
तर पडदाभर इंग्रजी, वर मोठ्या अक्षरात सावधान:
ही फाईल आधीच कुणीतरी उघडून बसलंय.
वेळ दिली होती. बारा वाजून दहा मिनिटं.
माणसाचं नाव दिलं होतं.
माझं.

"म्हणजे तुम्ही अजून आत आहात?" तात्याने विचारलं.
मला सांगता येईना.

तो उठला, बॅटरी घेऊन मशीनखोलीत गेला,
आणि तिथला पितळी खटका
दोनवरून शून्यावर फिरवून आला.
"हा होताच की, साहेब. धूळ बसली होती."

द्राक्षं वाचली. लंडनला गेलीसुद्धा.
मी सकाळी सहापर्यंत तिथेच होतो,
तत्त्वाचा प्रश्न म्हणून.
गांगुर्डे आला, डोळ्यांत झोप, कानामागे हळद,
उभ्याउभ्याच चार बटणं दाबली
आणि बाहेर पडला.
कुठली चार, ते मी बघितलं नाही.
बघवलं नाही.