पुठ्ठा

रात्री झोपण्याआधी मी गाडीखाली पुठ्ठा सरकवते.
वॉशिंग मशीनच्या खोक्याचा, चांगला लांबरुंद.
एका टोकाला बाण काढलाय: ही बाजू पुढची.
चार कोपऱ्यांवर चार विटा,
कारण नॉर्डडाइखच्या बांधावरून येणारा वारा
कुणाचं काही जागेवर राहू देत नाही.

सकाळी चहाआधी तो ओढून काढते.
त्रेसष्टाव्या वर्षी ओल्या गवतावर पालथी.
आल्मुट कुंपणापलीकडून विचारते,
"मोईन, वीबके, आज काय निघालं?"
जणू मी कुणाची पत्रिका मांडून बसलेय.

मंगळवार. मागे काळे तीन, नाण्याएवढे.
बुधवार. मागे काळे चार, मधोमध एक हिरवट.
गुरुवार. पुढे, उजव्या चाकाच्या आत
नुसता ओलसर गोल,
सुकल्यावर डागसुद्धा नाही.
प्रत्येकाभोवती पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख.
शाळेची बस चालवायचे तेव्हाही
मी अशीच वही ठेवायचे.

हाउकेला फोन केला नसता.
नऊ वर्षं आमच्यात फक्त नाताळचं कार्ड,
तेही त्याच्या बायकोच्या अक्षरात.
आईच्या कपाटावरून भांडलो, असं सगळे म्हणतात.
कपाटावरून कोण भांडतं?
पाणी दुसरीकडेच मुरत होतं.
पण ऑरिखचा गॅरेजवाला म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल,
आणि आकडा सांगितला.
तेवढ्या पैशांत मी गाडी घेतली होती.

तो आला. "मोईन" म्हणाला आणि पुठ्ठा मागितला.
भिंतीला टेकवून उभा केला,
दोन पावलं मागे सरून बघत राहिला.
मग बोटाने डाग चोळला, नाकाशी नेलं.
"हे इंजिनचं. हा चौथा मात्र गिअरबॉक्सचा,
कुजक्या अंड्याचा वास घे.
हिरवं ते कूलंट.
तुझं रेडिएटर पुढे, इंजिन मागे,
पोटाखालून एवढ्या लांब नळ्या, कुठेही झिरपेल.
गोड असतं, पण जीभ लावू नकोस."
लहानपणी मी काहीही चाटून बघायचे.
हे त्याच्या लक्षात होतं.

गुरुवारच्या गोलापाशी गाडीखाली तो बराच वेळ होता.
बाहेरून मला फक्त बूट दिसत होते,
एकाची नाडी सुटलेली.
"पाणी आहे. तुझ्या सिंकचं. ब्रेक वाटले होते ना?"
"छे," म्हटलं.
तीन रात्री मी ब्रेकचाच विचार करत जागी होते.

इंजिन पुसून त्याने खडखडीत कोरडं केलं
आणि माझ्या न्हाणीघरातली लव्हेंडरची पावडर
मूठ-मूठ उधळली.
एक चक्कर मारून आणली, नेस्मरपर्यंत.
मग टॉर्च.
"जिथे टपकतं तिथे गळत नसतं.
वारा तेल मागे नेतो, उतार खाली नेतो.
नेहमी वर बघायचं."
पांढऱ्या भुकटीतून एक बारीक काळी वाट
खाली उतरत होती,
थेट व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेपासून.
चौदा युरोचं गॅस्केट.
हाताला लव्हेंडरचा आणि डिझेलचा वास घेऊन
तो चहाला बसला.
खडीसाखर कपात तडकली, ती दोघांनी ऐकली.
कपाटाचं कुणीच काढलं नाही.

दोन शनिवार गेले. गॅस्केट, दोन क्लॅम्प, एक सील.
रविवारी सकाळी पुठ्ठा ओढला
तर कोरडा. टोकापासून टोकापर्यंत कोरडा.
आल्मुट टाळ्या वाजवायला लागली.
मी हाउकेला फोन लावला.
"कोरडा आहे," म्हटलं.
तो जरा गप्प राहिला.
"डिपस्टिक बघ आधी.
कोरडं म्हणजे थांबलंच असं नाही.
संपलंही असेल."

फोन कानाला लावूनच मागे गेले.
काढली, पुसली, परत बुडवली, परत काढली.
तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेला जवळ.
मी लगेच सांगितलं नाही.
त्याच्या बाजूनेही वारा ऐकू येत होता.
"वीबके? आहे का?"
"थांब," म्हटलं, "बघतेय."