पाटीची मागची बाजू

पितळेच्या पाटीवर बारा शब्द बसतात.
तेरावा कोंबला तर अक्षरं एकमेकांवर रेलतात,
थंडीत बसथांब्यावर उभ्या माणसांसारखी.
म्हणून विद्यापीठाच्या कचेरीतून कागद आला
की मी आधी शब्द मोजतो, माणूस नंतर.

यंदा तिघं.

डेल हॅकबर्थ, बँकवाला. जमीन दिली, इमारत दिली,
इमारतीला वडिलांचं नावही दिलं.
त्याची पाटी दोन बोटं मोठी. दरवर्षी कुणाची तरी असते.
माणूस वाईट नाही. चेकवर सही करताना
त्याचा हात थरथरतो, मी पाहिलंय;
थरथर कोरता येत नाही.

आर्वो केस्किनेन. बर्फ सारायचं यंत्र चालवलं, एकतीस हिवाळे.
पहाटे चारला तो आधी टेकडीवरचा रस्ता मोकळा करायचा,
महापौरांच्या दारातला मागाहून,
कारण रात्रपाळी संपवून थेट वर्गात जाणाऱ्या नर्सबायकांचा
सहाचा तास बुडता कामा नये.
महापौरांनी तक्रार केली. आर्वो म्हणाला,
"बर्फ वरून पडतो. मी वरून सुरू करतो."
कागदावर एवढंच : दळणवळण क्षेत्रातील मोलाचे योगदान.

आणि लुद्मिला झुपान्चिच, वय एक्याऐंशी.
अकरा शब्द. त्यांतला एक तिचं आडनाव, तेही चुकलेलं.

ते साल मला आठवतं.
लोखंडाची खाण बंद होऊन दोन वर्षं झालेली,
आणि राजधानीत कुणीतरी नकाशावर बोट ठेवून विचारलं,
इतक्या उत्तरेला विद्यापीठ हवंच कशाला?
मी तेव्हा तिथे संध्याकाळी भूगर्भशास्त्र शिकत होतो,
एकाच सत्रापुरता.
ज्या खडकानं बापाची फुप्फुसं खाल्ली
त्याचं नाव तरी कळावं म्हणून.

लुद्मिलानं शाळेची पिवळी बस मागून घेतली.
तिला धरून चौतीस बायका, बहुतेक विधवा,
टोपल्यांत मांसबटाट्याच्या जाड करंज्या, मांडीवर लोकर.
विधानभवनाच्या लांबलचक व्हरांड्यात त्या ओळीनं बसल्या
आणि विणत राहिल्या.
घोषणा नाही, फलक नाही, नुसता सुयांचा आवाज.
सुया जप्त कराव्यात की नाही हे विचारायला
पहारेकऱ्यानं तीनदा फोन केला म्हणतात.
चौथ्या दिवशी एक आमदार बाहेर आला.
लुद्मिलानं त्याच्या हातावर मोजा ठेवला. एकच.
"दुसरा मतदानानंतर."

संगीत विभाग गेला, लॅटिन गेलं.
बाकीचं राहिलं.

परवा ती दुकानात आली, बुटांवरचा बर्फ झटकत,
तयार पाटी उचलली, आडनाव तपासलं,
मग पाटी उलटी करून कोऱ्या बाजूवर अंगठा फिरवला.
"इथे काय असतं?"
काही नाही. भिंत असते.
"मग लिही," म्हणाली, आणि नावं सांगू लागली,
बसमधल्या जागांच्या क्रमानं, ड्रायव्हरच्या मागून.
एकतिसाव्या नावाशी अडली. डोळे मिटले.
माझ्या हीटरची घरघर तेवढी चालू.
"खिडकीशी बसली होती. हिरवी टोपी.
गाडी लागायची तिला. तरी आली."

दोन रात्री गेल्या. अक्षर तांदळाच्या दाण्याएवढं.
बिलात मी एकच बाजू लावली.

शनिवारी समारंभ झाला. कुलगुरूंनी हात मिळवले.
आर्वो टाय आवळल्यानं लालबुंद,
हॅकबर्थ दोनदा रडला, त्याला कुणी रुमाल दिला नाही,
लुद्मिलाला भाषणात डुलकी लागलेली.
मग शिपायानं चार स्क्रू पिळले
आणि तेहतीस जणी
भिंतीकडे तोंड करून बसल्या,
त्यांतली एक नुसतीच हिरवी टोपी.

पाटी डावीकडे किंचित कललीय.
मी कुणाला बोललो नाही.