पाचव्या मजल्यावरचा तांदूळ

वेल्ता ग्राउदिन्याबाईंनी काडेपेटीतून आणला पुरावा:
कापसावर एक दाणा.
"तांदूळ म्हणावा, तर आठवडाभर
घरात भात शिजला नाही.
आणि तांदूळ," आवाज खाली आणत,
"तांदूळ चालत नाही."

नोव्हेंबर. बोल्देरायात दुपारी चारलाच दिवे लागतात.
दवाखान्याच्या पायपुसण्यावर
वितळलेल्या बर्फाचा राखाडी चिखल.
टोपलीत पूका, पांढरी, सहा वर्षांची,
झाकणाच्या फटीतून बघत होती
भलत्याच खटल्यात गोवलेल्या साक्षीदारासारखी.

"ही कधी बाहेर गेलेली नाही, डॉक्टर.
पाचवा मजला. दाराच्या आत दुसरं दार.
खिडकीला जाळी, ती मी माझ्या हातांनी ठोकलेली.
जमीन म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नाही."

हे मी रोज ऐकते.
जंतांनी जिना चढून यावं, घंटी वाजवावी,
आणि आपण आतूनच "नको" म्हणावं,
अशी काहीशी समजूत असते लोकांची.
मी सांगते: बाजारातल्या बटाट्याला माती असते.
बुटाच्या खाचेत अख्खं अंगण वर येतं.
कुंडीतल्या मातीत कुठल्याशा परसातली अंडी
दोन-दोन वर्षं घाई न करता पडून राहतात.
नळाच्या भोकातून उंदीर येतो.
कधी तर आईच्या दुधातूनच मिळालेला असतो वारसा,
डोळे उघडायच्याही आधी.

"पण हा दाणा," मी भिंगाखाली धरला,
"यातला नाही. ही पट्टकृमीची एक कडी.
त्याला यायला वाहन लागतं.
पिसू."

"पिसू!"
जणू मी त्यांच्या आईचा उद्धार केला होता.
चादरी कशा उकळतात ते त्यांनी सांगितलं,
गालिचा बर्फावर उपडा घालून कसा बडवतात तेही.
मी पूकाच्या मानेवरून बारीक फणी फिरवली,
निघालेले काळे कण ओल्या कागदावर टिपले.
कणांभोवती तांबूस डाग पसरले.
कागद त्यांच्याकडे सरकवला, बोलले काहीच नाही.

मग बराच वेळ फक्त हीटर.

"तळघरात," त्या कोटाच्या बाहीशी बोलल्या,
"गरम पाण्याच्या नळांवर एक बोका राहतो.
एक कान नाही त्याला.
संध्याकाळी त्याच्यासाठी मासळी नेते मी. थोडीच.
तो मांडीवर बसतो.
पूका नाही बसत. सहा वर्षांत एकदाही नाही."

"नाव काय त्याचं?"
"दिलं नाही. नाव दिलं की घरी आणावं लागतं."

सगळं एका ओळीत मांडता आलं असतं मला:
तळघर, पिसू, लोकरी कोट, दारामागची खुंटी,
आणि मध्यरात्री स्वतःचं अंग चाटता चाटता
दातांत सापडलेला ठिपका गिळणारी एक स्वच्छ मांजर.
गरज पडली नाही.
"ती रोज माझी बाही हुंगते," त्या म्हणाल्या,
"खूप वेळ हुंगते.
मला वाटायचं, लाडाने."

गोळी मी भरवली, जबड्याच्या कोपऱ्यातून.
दोनदा थुंकली, तिसऱ्यांदा गिळली, माझ्याकडे बघत.
मानेवर पिसवांचं औषध. महिन्याने पुन्हा.
गाद्यांचे अभ्रे गरम पाण्यात, कोटसुद्धा.
"कोट लोकरीचा आहे."
"मग जिन्यातच काढून ठेवत जा."
"चोरतील."
आम्ही दोघींनी त्या कोटाकडे पाहिलं.
त्या हसल्या; सबंध तासात पहिल्यांदा.

पैसे सुटे मोजून दिले, नाण्यांनी.
टोपली उचलली, दारापर्यंत गेल्या,
आणि तिथूनच, पाठमोऱ्या:
"ती गोळी अजून एक मिळेल?"

"वजन लागतं, बाई. वजनावर असते गोळी."
"साडेपाच किलो."
"तोललंत?"
"मांडीला कळतं."

दुसरं कार्ड काढलं. वजन लिहिलं. रंग विचारला, राखी.
त्याच्या वर एक रकाना होता, नावाचा.
बाहेर त्यांची बस आली, दारं उघडली, मिटली, गेली.
पुढची येईपर्यंत आम्ही
त्या रकान्याकडे बघत बसलो.