वेगळा वाटा

आमच्या घरात सुरमईला मान आहे.
डोंबिवलीहून रेवती माहेरपणाला आली
की वेंगुर्ल्याच्या बाजारातून येताना दिगंबर
पिशवी जरा उंच धरतो,
शेजारच्या केरकरांना दिसेल अशी.

मला सुरमई आवडत नाही.
हे वाक्य एकोणीस वर्षांत मी मोठ्यानं उच्चारलेलं नाही.
तिच्यात भांडण नाही. मधला एक काटा,
तो काढला की संपलं.
मऊ, पांढरी, समजूतदार.
इतक्या समजूतदार माशाचं मी करू काय?

मला पेडवे आवडतात.
बोटाएवढे, तेलकट, काट्यांनी ठासून भरलेले.
दिगंबर म्हणतो, ते मांजराचं खाणं.
खातं खरं मांजर. मी आणि ते,
मागल्या दारी, एकाच वेळी.

अण्णांना टिरफळ नको, जीभ मेल्यासारखी होते.
परागला कालवणात कांदा दिसता कामा नये,
असलेला चालतो.
दिगंबरला सोलकढीत लसूण खपत नाही,
आणि सोमवारी वालीची भाजी समोर आली
की तो असा बसतो, जशी कुणाची तार आली.
हे सगळं माझ्या हातालाच पाठ आहे,
डबा उघडताना तो आपोआप थांबतो, वळतो.
त्याचा राग नाही मला. राग आहे
तो कच्च्या फणसाच्या चिकाचा,
पण ते आत्ता नको.

माझी आवड ठाऊक असलेली एकच बाई, द्रौपदी.
अकराच्या सुमारास पाणंदीतून यायची,
डोक्यावर पाटी, कमरेला पिशवी.
लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं मला पकडलं:
तोंडानं मी पापलेटाचा भाव विचारत होते,
डोळे होते पाटीच्या तळाशी.
तेव्हा काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी बांगड्यांचा हिशोब झाल्यावर
केळीच्या पानातली पुडी पायरीवर ठेवली,
"ह्यो तुझो वाटो. घराच्या हिशोबात धरू नको."

तिखलं करते मी त्यांचं.
लहान मडक्यात, हळद, लाल मिरची, चार सोलं,
आणि अण्णांना चालत नाहीत
ती सगळी टिरफळं.
वरून कच्चं खोबरेल.
दुपारी घर निजलं की उकड्या तांदळाची पेज घेऊन बसते.
काटा जिभेनं शोधायचा, दातांनी सोडवायचा,
घाई केली तर टोचतो.
तोंडात काटे असताना
हाक आली तरी ओ देता येत नाही.
कदाचित तेच आवडत असेल मला, मासा नाही.
पण नाही.
मासाच.

मग द्रौपदीचा गुडघा गेला.
नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, आल्या,
पाणंदीत कुणी दिसलं नाही.
दिगंबर बाजारातून आणायचा, उंच पिशवीतून.
मी तळत होते.
"पेडवे आण" एवढं म्हणायला
काही लागलं नसतं. नाही म्हटलं.

परवा स्कूटर थांबली फाटकाशी.
मागे थर्माकोलचा खोका, बर्फ,
हेल्मेटमधून विशीबाविशीची पोरगी.
बांगडे मोजून दिले, सुटे पैसे दिले,
मग डिकी उघडून कागदाची पुडी काढली.
"सासवेन सांगल्यान हा,
निळ्या गेटीची वैनी तोंडान मागूची नाय.
तिका न इचारता देवचो."

पुडी गार होती. हातातून पाणी ठिबकत राहिलं.
काहीतरी बोलायला हवं म्हणून
मी विचारलं, तुला कुठला आवडतो गं?
हेल्मेट अर्धं डोक्यात, अर्धं बाहेर,
ती रस्त्याकडे बघून घेते, मग हळूच:
"माका? माका खयचोच मासो आवडना नाय.
कोणाक सांगू नको हां."
आणि गेली, खोका हिंदकळत.

उद्या सोमवार.
वालीची भाजी जरा जास्त करायची आहे.