ठसका

माग बंद असतात त्या दिवशी
आमच्या गल्लीला काय बोलावं सुचत नाही.
मी पाटा धुतो.

वीस बेडगी, चार संकेश्वरी,
रात्रभर शिरक्यात बुडालेल्या.
सकाळी हाताला लागतात
रंगाच्या हौदातून काढलेल्या सुतासारख्या, जड.
चाळीस वर्षं मी टॉवेलांना लाल दिला आहे.
नखं अजून पूर्ण माझी झालेली नाहीत.

एर्मेलिंदा दारातल्या खुर्चीत बसते.
दोन वर्षांपूर्वीच्या तापानं तिचं नाक नेलं,
जिभेवर खारट तेवढं ठेवलं.
रेल्वे गार्डाची मुलगी. बाप मडगावहून बदल्या घेत घेत
सोलापुरात उतरला आणि पुढच्या गाडीनं गेलाही.
ही उतरली ती उतरलीच.
लग्नात माझी आई तेलुगूत एवढंच म्हणाली होती,
मीठ तरी आपल्यासारखंच खाते ना?

समुद्र किती लांब आहे
ते इथल्या बांगड्याच्या डोळ्यात दिसतं.
म्हणून मी उजनीची चिलापी आणतो,
धरणाची, गाळाचा वास अंगात मुरलेली.
पहिल्यांदा तिच्या पोटात मसाला भरताना
एर्मेलिंदा रडली होती.
हा मासा नव्हे रे, विहीर आहे ही.
रेशाद म्हणजे भरलेलं.
काय भरलं ते बघ, मी म्हटलं,
कशात भरलं ते सोड.
दोन दिवस बोलली नाही.

माडाचा शिरका इथं कुठला?
मी शिंदीचा करतो.
बरणीत वर एक जाड साय धरते,
तिला ती माय म्हणते.
चव्वेचाळीस डिग्रीत आम्ही सगळे वाळतो,
माय तेवढी अंग धरते.

शेजारचे चिलवेरी विंदालू खाऊन गेले एकदा.
बटाटा कुठाय यात?
आलू नाही हो, लसूण आहे तो, पोर्तुगीज बोलीतला.
मग नावात कशाला फसवायचं, म्हणाले,
आणि घरी जाऊन त्यांनी बटाटा घालूनच केला.
चांगला झाला होता, खरं सांगायचं तर.

भांडण झालं की ती ठेवणीतलं काढते:
मिरची आमच्या बंदरावर उतरली,
शेंगही तिथंच.
तुमची ती शेंगाचटणी,
जिच्यावर अख्खं सोलापूर छाती फुगवतं,
माझ्या माहेरच्या वाटेनं आली आहे.
यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.
मी चटणी वाढून घेतो.

आता तवा तापला आहे.
ती कान देते.
थांब, तेल अजून कुजबुजतंय.
थांब.
हं, टाक.
आधी चमचाभर मसाला, नुसता, परखायला.
मी रंग बघतो: ओला लाल, मग विटकरी,
मग चादरीच्या काठाचा तो लाल
जो दहा धुण्यांतही पाण्याला सापडत नाही.
वास येतोय का, हे विचारायचं मी सोडलं आहे.
तिनंही सोडलं आहे
येतोय म्हणायचं.

शिरका कमी पडला, ती म्हणते.
न चाखता?
तुला ठसका लागला नाही.

मी बरणी तिरकी करतो.
वाफ उठते आणि सरळ घशात शिरते,
डोळ्यांतून पाणी, हातात उलथनं,
मी भिंतीला धरून खोकतो.
भिंतीपलीकडे चिलवेरी खोकतात.
मग वरच्या मजल्यावरची नवी सून.
मग समोर कुणाचं तरी पोर शिंकतं, दोनदा.

एर्मेलिंदा डोळे मिटून बोटांवर घरं मोजते.
चौथं?
चौथ्याला कुलूप आहे, मी सांगतो.
पुरो, ती म्हणते. मासे सोड.
आणि कडक भाकरीचा डबा इकडे दे,
मोडून ठेवते.