आधी हवा

चिंचोळी एमआयडीसी. मे. दुपारचे दोन.
पत्र्याला हात लागला तर कातडी सोलते.
आज खोली बंद आहे इरण्णा, दार सताड उघडं,
सोमवारपासून डाळिंबाचे दाणे भरतील
उणे अठरावर, खडे होऊन, परदेशी जायला.
मग स्वेटर आण. हसू नकोस.
सोलापुरात मे महिन्यात स्वेटर घालणारी
आपण दोनच माणसं.

छताखाली लाल पाइप दिसतोय ना,
त्यात पाणी नाही. मुद्दाम नाही.
पाणी ठेवलं तर गोठेल, फुगेल, लोखंड फाडेल.
म्हणून आत हवा, अडीच किलो,
आणि पाणी इकडं उबेत, या झडपेच्या दाराशी उभं.
खालून सात किलोनं ढकलतंय,
वर बसलेत अडीच, तरी दार हलत नाही,
कारण झडपेचं वरचं तोंड रुंद, खालचं अरुंद.
थोडक्यानं मोठ्याला धरून ठेवायचं हे गणित
आयटीआयत मला कळलं नव्हतं.
आई हजार विड्या वळून
पाच पोरं धरून ठेवायची,
तिच्या हिशेबाची वही सापडली तेव्हा कळलं.

माझ्या आधी इथं व्यंकटय्या गाजूल होता.
हात सोन्याचा. एकदाच चुकला.
चाचणी झाली, खालच्या पिंपाचा कॉक उघडायचा राहिला,
उतारावर हातभर पाणी उरलं.
खोली थंड झाली. पाणी दगड झालं.
आठ महिने काटे बरोबर दाखवत होते.
आठ महिने त्या दगडापलीकडचे अकरा स्प्रिंकलर
नुसते छताला टांगलेले.
काही झालं नाही. आग लागली नाही.
एका गळतीसाठी पाइप खोलला आणि बर्फ निघाला,
काचेसारखा, आरपार.
गाजूल तो घेऊन बाहेर पायरीवर बसला, मांडीवर,
वितळेपर्यंत. उन्हाचं पाणी व्हायला किती वेळ लागणार.
दुसऱ्या दिवशी आला नाही.

बरं. तू झडपेपाशी थांब,
मी टोकाला जातो. पार कोपऱ्यात, शिडीवर.
कॉक मी उघडणार, घड्याळ माझ्याकडं.
तुझ्याकडं धाडकन आवाज होईल. घाबरून हात घालू नकोस.

उघडला.

हवा.
नुसती हवा, कुबट, वर्षभर कोंडलेली.
विडी घरकुलात पाचव्या दिवशी नळ येतो
तो असाच येतो, पहाटे तीनला, आधी खोकत.
आई अंधारात तोटीखाली तळहात धरून बसलेली असायची.
गाली वच्चिंदी, म्हणायची. हवा आली.
म्हणजे पाणी निघालंय, वाटेत आहे, घागरी उठवा.
आम्ही झोपेत हसायचो, हवेला काय भरायचं?
आता मी पाइपाला कान लावून
तेच ऐकतोय.
तीस. पस्तीस.
लांब कुठंतरी दार आपटलं,
लोखंडातून काहीतरी धावत येतंय.
पन्नास. एक्कावन. बावन.
आलं! काळं, थुंकत, गंजाचं,
मग सरळ.

लिही वहीत: चोपन्न.
साठच्या आत आहे, पास आहे.
गेल्या वर्षी बावन होते.
ती दोन सेकंदं कुठं गेली, ते उद्या शोधू.

आता खरं काम.
मेन बंद. सगळे कॉक उघड, उतारावरचा आधी,
आणि थांब. थेंब थांबल्यावर अजून थांब.
झडपेचं झाकण काढ. बैठक पूस,
हा घे टॉवेलचा तुकडा, अक्कलकोट रोडच्या मागावरचा,
काठात कुठल्याशा पतपेढीचं नाव उलटं विणलंय
म्हणून फुकट मिळाला.
रबराला ग्रीस नको, कोणी कितीही सांगो.
झडप बसव. हळू हवा भर. मग पाणी.
तो छोटा खटका बोटानं दाब.
थेंब आला?
थेंब आला म्हणजे दार खोटं बोलतंय. परत खोल.

आणि ते पिंपातलं पाणी गटारात ओतू नकोस.
काळं असू दे, लोखंडाचा वास असू दे,
गेटपाशी कडुनिंब आहे.