बोटभर डोंगर

तुर्भ्याच्या खाणीखालचा ओढा
दुधासारखा वाहतो, हे मी अहवालात लिहीत नाही.
अहवालात लिहिते: रंग पांढुरका. वास नाही.
नमुना क्रमांक दोन. सकाळी सात वाजून दहा.

क्रशरचा मुनीम भगत खुर्ची पुढे सरकवतो.
"मॅडम, तीन टाक्या बांधल्यात की, बघा."
बांधल्यात. पहिली काठोकाठ गाळानं भरलीय,
इतकी, की तिच्यावर एक कुत्रं निजलंय.
दुसरीतून तिसरीत पाणी जातं
घाईतल्या पाहुण्यासारखं, न टेकता.

"गाळ कधी काढला होता?"
तो वर बघतो, जणू तारीख
अर्ध्या कापलेल्या डोंगरावर लिहिलीय.

काठावर दुर्गव्वा हंडा घासतेय.
प्यायचं पाणी तिनं वेगळं ठेवलंय, तुरटी फिरवून.
तिची आई, म्हणे, निवळीची बी उगाळायची
रांजणाच्या आतल्या अंगाला.
"इथं कुठली निवळी, बाई. इथं सुरुंग."
नवरा फोडतो तोच दगड
ती संध्याकाळी फडक्यातून गाळते.

खाली, खाडीच्या तोंडाशी, नमुना तीन.
काळूबाय गुडघाभर चिखलात,
हात बिळात खांद्यापर्यंत.
वर येतं मूठभर राखाडी पीठ.
"निवटी नाय गो, भुकटी हाय.
बिलाच बुजल्या. तुजे बाटलीन तरी
पानी कवा निवलंल?"

मी सांगते, मर्यादा शंभर, निघाले आठशे चाळीस.
"शंभर काय?" ती विचारते.
माझ्याकडचं उत्तर एका लिटरचं आहे.
तिची खाडी लिटरात मावत नाही.

शिफारशी: गाळ दर पंधरवड्याला उपसावा.
उपसलेला गाळ ओढ्याच्या काठी टाकू नये
(मागच्या खेपेला तिथंच टाकला होता).
फवाऱ्याचं पाणी पुन्हा वापरावं.
दुर्गव्वाच्या वस्तीला नळ, हे माझ्या विषयात बसत नाही;
'इतर' या रकान्यात लिहिते,
अक्षर जरा मोठं काढून.

एक बाटली चुकून घरी आली,
कोपरखैरण्याच्या खिडकीत रात्रभर राहिली.
सकाळी वरचं पाणी इतकं नितळ
की समोरच्या गॅलरीतलं वाळत घातलेलं लुगडं
त्यातून उलटं दिसलं, काठासकट.
तळाशी बोटभर डोंगर.

मी बाटली उचलली
आणि हात थोडा हलला.